एकवीस नंबरचा खिळा

प्रिय धाकट्या,

तुझा अर्ज पोचला. पाच दिवस झाले, तो माझ्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. रोज सकाळी मी तो उचलते, वाचते आणि परत ठेवते. रहिवासी परवान्याचं नूतनीकरण, वाळूवर गाडी चालवायची परवानगी, येता रविवार, चालक दोन : तू आणि छकुली. छकुलीला लायसन्स मिळाल्याचं आत्याला सरकारी अर्जातून कळावं, कमाल आहे तुझी. बाबांनी तुला शिकवलं तसं तिलाही इथल्या वाळूवर, हद्दीच्या सातव्या खांबापर्यंत गाडी चालवायला शिकवायचं म्हणतोस. आणि सगळ्यात खाली, जिथे अर्जदाराने काहीच लिहायचं नसतं, तिथे पेन्सिलीने एक ओळ खरडली आहेस. तिच्याबद्दल शेवटी लिहीन. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी गप्प बसते. या वेळी मला गप्प बसायचं नाहीये.

इथलं म्हणशील तर परवान्यांची खिडकी तीच, खुर्ची तीच, फक्त खुर्चीतली मी जरा रुंदावले आहे. पाहुण्यांच्या तऱ्हा चालूच आहेत. परवा एकाने पार्किंगसाठी सावलीची जागा मागितली, भर किनाऱ्यावर. एक बाई विचारत होत्या, समुद्र किती वाजता बंद होतो. आपल्या रहिवाशांचं तर विचारूच नकोस. मधल्या गल्लीतल्या शिंप्याने जुनी गाडी विकली, पण काचेवरचं रहिवासी स्टिकर ब्लेडने सोडवून घरी आणलं आणि नव्या गाडीला डिंकाने चिकटवलं, तेही उलटं. मी हटकलं तर म्हणतो, ताई, माणूस तर तोच आहे ना. काचेवर ते पिवळं स्टिकर असलं की आपल्या लोकांना वाटतं, समुद्र आपल्याला ओळखतो.

माझ्या पाठीमागचा फळा तुला आठवत असेल. आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून घेऊन जायचा, परत आल्यावर आणून द्यायचा आणि मी तो पुन्हा टांगायचा. भरतीच्या तासभर आधी एखादा खिळा रिकामा दिसला, तर ट्रॅक्टर शोधायला निघतो. सगळे भरलेले दिसले, तर ट्रॅक्टरवाला किल्ली ठेवून घरी जातो. पाहुणे हे निमूटपणे पाळतात, बिल्ला जीवासारखा जपतात. रहिवाशांचे खिळे मात्र कायमचे, घरटी एक, आपला एकवीस नंबरचा. आणि आपली माणसं बिल्ला नेतच नाहीत. खिडकीसमोरून जाताना काच खाली करून हात हलवतात, मला सगळे ओळखतात, मी सगळ्यांना ओळखते, बिल्ला कशाला हवा. कोण आत गेलंय ते मी लक्षात ठेवायचं, अशी इथली रीत. साहेबांना ठाऊक आहे, पण तेही इथलेच.

आता वाळूचं सांगते, आणि हे नीट वाच. पूर्वी सातव्या खांबापलीकडे जो पाण्याचा चर होता, तो या वर्षी आत सरकला आहे. चौथ्या आणि पाचव्या खांबाच्या मधून वाहतो, पण वरून दिसत नाही. वरून तिथली वाळू सगळ्या किनाऱ्यावर सगळ्यात छान दिसते, सपाट, स्वच्छ, गाडी घालावीशी वाटेल अशी. चौथा खांब कलला आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. पाय ठेवला की आधी काही होत नाही, मग पायाभोवती पाणी जमतं, आणि मग पाय सोडवून घ्यावा लागतो. माझी एक चप्पल तिथेच राहिली. साहेबांना मी तीनदा लेखी कळवलं. ते म्हणतात, छापील नकाशात सात खांब आहेत, तर परवाना सात खांबांपर्यंतच द्यायचा, नकाशा पुढच्या वर्षी बदलू. पाहुणे भीतीने दुसऱ्या खांबापुढे जात नाहीत. पुढे जातात ते आपलेच.

गेल्या गुरुवारी शेवटच्या घरातले निवृत्त मास्तर कमरेपर्यंत चिखलाने माखून खिडकीशी आले. गाडी पाचव्या खांबापाशी रुतली, म्हणून दार ढकलून बाहेर पडले आणि चालत आले. हसत हसत सांगत होते. मी मागे वळून पाहिलं, तर त्यांचा बिल्ला खिळ्याला लटकत होता आणि ट्रॅक्टर केव्हाच घरी गेला होता. त्यांची गाडी अजून तिथेच आहे. पहिल्या दिवशी टप दिसत होता. काल ओहोटीला मी दुर्बीण लावली, तर नुसती वाळू होती.

तुला वाटेल, ट्रॅक्टरवाल्या काकांचा हलगर्जीपणा. नाही रे, काका मागच्या महिन्यात निवृत्त झाले. नवा माणूस आला आहे, कामाला चांगला, पण त्याला वाळू कळत नाही, फक्त फळा कळतो. दारातूनच नजर टाकतो, सगळे भरलेले दिसले की जातो. काका तसे नव्हते. ते फळा बघायचे आणि वर मला विचारायचे, सगळे आले का गं. काकांचं नाव काढलेलं तुला आवडत नाही, मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा आपल्या दारात, सगळ्यांसमोर, तू त्यांना दारुडा म्हणालास. तक्रार केलीस. दोन वर्षं त्यांच्या हातून ट्रॅक्टर गेला आणि ते आवारात गाड्या धूत होते. तू मान फिरवून त्यांच्यासमोरून जायचास, आणि मी खिडकीतून बघायचे.

त्या दिवशी बाबा गळ घेऊन दुपारी गाडीने आत गेले. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यांना वाळूची काय पत्रास. खिडकीशी थांबले, डब्यातला पेरू मला दिला आणि म्हणाले, "राहू दे गं बिल्ला खिळ्यालाच, मी येतोच." मी राहू दिला. मग पार्किंगवरून दोन पाहुण्यांची जुंपली, एकाने दुसऱ्याच्या गाडीमागे गाडी लावली होती. ते भांडण खिडकीवर आलं आणि तासभर माझं डोकं उठलं. भरतीला तास राहिला तेव्हा काका आले. विचारलं, सगळे आले का गं. मी फळ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना. मी वैतागले. म्हटलं, दिसत नाही का, सगळे खिळे भरलेत. ते किल्ली ठेवून गेले. मी खिडकी लावली आणि तो पेरू खात घरी आले. बाबांची चप्पल दारात नाही हे दिसलं, तेव्हा मला आठवलं.

चौकशीत काका एवढंच म्हणाले की त्यांचं स्वतःचंच लक्ष नव्हतं. मी नंतर त्यांच्या घरी गेले, पाया पडायला. त्यांनी पडू दिलं नाही. म्हणाले, तुमच्या घरातलं एक माणूस गेलं, आता दुसरं कशाला. मी ते ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. नऊ वर्षं झाली. आपल्या बाबांना मी विसरले, धाकट्या. समुद्राने नेलं, काकांनी नेलं, असं तू म्हणत राहिलास, आणि दर वेळी तुला चहा करून देत मी ते ऐकत राहिले.

आता ती पेन्सिलीची ओळ. "ताई, बिल्ला राहू दे खिळ्यालाच, आम्ही येतोच." तू सहज लिहिलं असशील. बाबांचे ते शब्द तू कधी ऐकलेच नव्हतेस, ऐकले होते फक्त मी. तुझा परवाना मी करणार नाही. अर्ज या पाकिटात परत पाठवते आहे, शिक्का न मारता. एकवीस नंबरचा खिळा काल मी पकडीने उपटून काढला. सोमवारपासून मी रहिवाशांनाही बिल्ल्याशिवाय आत सोडत नाही, आणि गल्लीत मला काय काय म्हणतात ते तुझ्या कानावर येईलच. हे पत्र शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. वाचून माझं तोंडही बघू नये असं वाटलं, तर येऊ नकोस, कधीच येऊ नकोस, छकुलीलाही माझ्याबद्दल हवं ते सांग. काकांकडे मात्र एकदा जाऊन ये. आणि तरीही रविवारी हट्टाने आलासच, तर मी फाटकात उभी असेन, गाडीच्या पुढे. मला ओलांडून गेल्याशिवाय तुला वाळू लागणार नाही.

तुझीच,
ताई