सुलतानचा पिंजरा

गास, मंगळवार

प्रिय प्रितेश,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. सुलतान ट्रेन झाला असेल तर रविवारी न्यायला येतो, हा तुझा मेसेज वाचला. जणू गॅरेजात गाडी टाकून गेला होतास.

मुठीएवढ्या कुत्र्याच्या पिल्लाचं नाव सुलतान ठेवायचं, सोसायटीभर फोटो पाठवायचे, आणि रात्री पिंजरा बाल्कनीत ठेवून ते रडलं की पिंजऱ्यावर चप्पल आपटायची, ही तुझी मर्दुमकी तुझ्याच बायकोने, भाविकाने मला सांगितली. फरशीवर मुतलं म्हणून तू त्याचं नाक त्यात घासलंस. एवढा शिकलास, पण एवढ्याशा जिवाला रात्रभर लघवी धरता येत नाही हे तुला कुणी सांगायला हवं होतं का? मग कंटाळलास आणि पिंजऱ्यासकट त्याला माझ्या ओटीवर टाकून गेलास. तुझी लेक खुशी तेवढी हट्टाने दोन दिवस त्याच्याजवळ राहिली.

इथे आलं तेव्हा पिंजरा दिसला तरी ते थरथरायचं. मी दार उघडंच बांधून ठेवलं, आत माझी जुनी साडी अंथरली, जेवणाची वाटी आतच ठेवू लागले आणि पिंजरा खाटेला लावला. कुईकुई केलं की नुसता हात खाली सोडायचे. झोपण्याआधी त्याला केळीच्या वाफ्याशी न्यायचं, रोज त्याच जागी, आणि झालं की तिथल्या तिथे शाबासकी. मध्ये एकदा गजर लावून उठायचं. घरात झालंच तर गपचूप पुसायचं. आता ते आपणहून पिंजऱ्यात जाऊन झोपतं, आणि बाहेर जायचं असलं की माझी चादर ओढतं. याला काही अक्कल लागत नाही, प्रितेश. फक्त उठावं लागतं. तेच तुला जड जातं.

ते दोन दिवस खुशी हे बघत होती. पहिल्या रात्री तिने विचारलं, "आत्या, त्याने ओलं केलं तर तू काय करशील?"

"पुसेन."

"आणि मग?"

"मग परत झोपू."

सकाळी उठले तर पोरगी अंथरुणात नव्हती. मागच्या दारी दगडावर एकटीच चादर घासत बसली होती. आठ वर्षांची पोर. मला बघून दचकून उभी राहिली. म्हणाली, "पप्पांना सांगू नको. ते मला पण बाल्कनीत ठेवतात."

दोघींनी मिळून चादर पिळली आणि दोरीवर टाकली.

नंतर भाविकाला विचारलं. तिने रडत रडत खरं सांगितलं. हे पत्र त्यासाठी आहे, कुत्र्यासाठी नाही. सुलतान इथून हलणार नाही. सुट्टी लागली आहे, शुक्रवारी भाविका खुशीला घेऊन इथे राहायला येते आहे. आमचं ठरलं आहे. तू रविवारी जरूर ये. लेकीची माफी माग, तिला कळेल अशा साध्या शब्दांत. चादरीचा विषय तू काढायचा नाहीस. शाळा उघडल्यावर त्या दोघी तुझ्या घरी परत येतील की नाही, ते त्या दिवशी तुझ्याकडे बघून ठरेल.

अजून तरी तुझीच,
हेमांगीताई