माकडशिंगीची कळी

४ ऑगस्ट, जामखेड
कुंडीतल्या रोपाचा फोटो जाधवला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. 'सर, साधी माकडशिंगी आहे. माळावर ढिगानं मिळते.' फोटोवरून! नववीत याला खोड कोणतं नि मूळ कोणतं कळत नव्हतं, आता नगरला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. मी कळवलं, साधीच्या खोडाच्या कडा धारदार, हिच्या गोल. ही दुर्मिळ जात आहे. तर म्हणे, फूल दाखवा, मग बोलू. दाखवतो.

११ ऑ.
निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर फोटो टाकायची अवदसा आठवली. एक म्हणे कोरफड. दुसऱ्यानं शुगरवर रस प्यायला सांगितला. तिसऱ्यानं नुसते हात जोडले. ग्रुप सोडला.

१९ ऑ.
कळी! शेंड्याला, ज्वारीच्या दाण्याएवढी. रस्ता रुंदीकरणात फोडलेल्या खडकातून हे रोप उचलून आणलं, त्याला तीन वर्षं झाली. शेजारच्या सुमनबाई भिंतीपलीकडून विचारत होत्या, एवढं काय बघता त्या काडीत? म्हटलं, काही नाही. त्यांना काय सांगायचं, कप्पाळ.

२६ ऑ.
हरभऱ्याएवढी. आठवड्यात उमलेल. आणि उद्या पुण्याला ताईची पंचाहत्तरी. न जावं तर जन्मभर ऐकवेल. झाडाला पाणी नकोच आहे, त्यामुळे कुणाला सांगून जायचा प्रश्न नाही.

१ सप्टें.
संपलं. ताईनं दोन दिवस जास्त ठेवून घेतलं. कुंडीत चिखल, खोड बुडातून सडलेलं, कळी गळून पडलेली. सुमनबाई कौतुकानं सांगत आल्या, सुकायला लागलं हुतं, म्हणून रोज तांब्या तांब्या घातला. या मुलखात पाणी घातलं की पुण्य, बस्स. कशाला घालतोय ते विचारायचं नाही. बोललो त्यांना. फार बोललो. त्या निघून गेल्या. मग आत येऊन मीच रडलो, साठी उलटलेला माणूस.

३ सप्टें.
शेंड्याकडची दोन बोटांएवढी कांडी धड आहे. कापून सावलीत वाळत ठेवली, मग लावायची. जगली तरी फुलायला पुन्हा दोन-तीन वर्षं. जाधवचा मेसेज : 'फूल आलं का सर?' हलकट.

५ सप्टें.
सुमनबाईंच्या दारात गेलो, वीस वर्षांत पहिल्यांदा. चुकलं म्हणालो, तेही धड जमलं नाही. त्यांनी चहा टाकला. म्हणाल्या, ही काडी त्यांच्या माहेरी, मिरजगावच्या माळावर लई हुती. धारेची वेगळी, ही गोल वेगळी, हेही बाईंना ठाऊक! प्राध्यापकाला नाही. घाईघाईनं विचारलं, मग हिचं फूल कसलं असतं? रंग कोणता?

"फूल न्हाई बघितलं कधी, सर. कवळी असतानाच खुडायचो आमी. भाजीला."

रविवारी त्या माळावर घेऊन जाते म्हणाल्या. उरली असली तर.