उजव्या पाट्याचा पुढचा बुश

आबा, जीप सरळ चालते. हे आधी सांगून टाकते, नाहीतर इकडचं-तिकडचं लिहीत बसेन आणि मुख्य गोष्ट राहूनच जाईल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण धावत येऊन तुम्हाला काहीतरी सांगावं असं आज पहिल्यांदाच वाटलं. दोनदा साबण लावला तरी नखांत ग्रीस आहे. उद्या कॉलेजात फिजिक्सच्या तासाला मी याच हातांनी फळ्यावर लिहिणार आहे.

झालं असं की गेल्या महिन्यात दादा आईला घेऊन कळसला लग्नाला निघाला होता. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रेलर. दादानं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला आणि जीप आपसूक डावीकडं, थेट कालव्याकडं ओढली गेली. त्यानं स्टिअरिंगला सगळं अंग लावलं तेव्हा कुठं पुढचं चाक भरावाच्या भुसभुशीत मातीत रुतून थांबलं. पाणी हातभर खाली. आईला खरचटलंसुद्धा नाही, पण ती त्यानंतर जीपकडं बघेनाशी झाली. दादानं दोन गॅरेजांत गाडी दाखवली. अलाइनमेंट केलं, स्टिअरिंग उघडलं, टायर बदलले, मागचे शॉकॲब्सॉर्बरही नवे घातले. गाडी गादीसारखी मऊ चालायची आणि तरीही वाटेल तेव्हा वाकडी जायची. शेवटी दादानं भंगारवाल्याला रविवारी दुपारी बोलावलं आणि मला फोन केला, "तुला एकदा बघायची असली तर ये. आबांची म्हणून ठिवली होती, पण आईला घालवून गाडी न्हाय ठेवायची मला." त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. 

शनिवारी सकाळी मी इंदापुरातून जळोचीला आले. तुम्ही गाड्या दुरुस्त करायचात त्याच पत्र्याच्या शेडमध्ये जीप उभी होती. मी सहज विचारलं, "दादा, ॲक्सिलेटर दाबल्यावर कुठं ओढती?" तो म्हणाला, "उजवीकडं." "आणि सोडल्यावर?" "डावीकडं. त्येच तर सांगतोय, एका बाजूला ओढली असती तर समजलं असतं. हिला काय लागलंय देव जाणे." आबा, ऐकलंत? दाबल्यावर एकीकडं, सोडल्यावर दुसरीकडं! हे ऐकताच मी बारावीतली झाले आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. कळंबचे एक गुरुजी त्यांची गाडी घेऊन आलेले आहेत. मी शेडच्या दारात पुस्तक घेऊन बसले आहे. ते विचारतात, हे मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे कशाला असतात हो? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी ऐटीत उत्तर देते, "धक्के सोसायला. गादीसारखे." तुम्ही पाना खाली ठेवता. "गादी? कुणी सांगितलं तुला गादी? पुस्तक ठेव आन् हिकडं ये." गुरुजींसमोर माझा चेहरा लालबुंद. तुम्ही मागच्या चाकांपुढं दोन मोठे दगड लावता, मला बाजूला, चांगली चार हात लांब उकिडवं बसवता आणि आत बसून क्लच हळूहळू सोडता. चाकं दगडांना रेटतात. मला दिसतं, दोन चाकांमधला तो लोखंडी गोळा नाक वर करतो आणि इतके जाड पाटे पिळवटल्यासारखे वाकतात. तुम्ही आतूनच ओरडून विचारता, "इंजिन पुढं हाय, पर गाडी ढकलत्यात मागची चाकं. चाकाचा रेटा बॉडीला कुठनं पोचतो, सांग!"  मग तुम्ही खाली उतरून बोट लावून दाखवता. पाट्याचं मागचं टोक झोपाळ्यासारखं लोंबतं, ते काय ढकलणार? पुढचं टोक मात्र चासीला, गाडीच्या सांगाड्याला, पक्कं अडकवलेलं. "अख्खी गाडी ह्या पुढच्या टोकानं ढकलली जाती. हितल्या बुशानं, ह्या रबराच्या नळकांड्यानं. पाट्यानं वजन झेलायचं, चाकं जोडणारा हा अॅक्सल पिळू द्यायचा न्हाय, शिवाय गाडी ढकलायची पण. आन् तू म्हनती गादी!" मी त्या दिवशी तुमच्याशी जेवतानासुद्धा बोलले नाही.

आता मी पहार घेतली. जीपखाली सरकून उजव्या पाट्याच्या पुढच्या टोकाशी ती घातली आणि जरा दाबली. पाटा बोटभर पुढं सरकला! सोडली, मागं आला. बुशातल्या रबराचा पार भुगा झाला होता, तो माझ्या गालावर पडला आणि मी खालूनच ओरडले, "दादा, सापडलं!" ॲक्सिलेटर दाबला की मागचं उजवं चाक बोटभर पुढं पळायचं, पाय उचलला की मागं यायचं. म्हणजे मागचा अख्खा अॅक्सल तिरका होऊन गाडी वळवायचा आणि सगळे पुढचं स्टिअरिंग उघडून बसले होते. दादा मान वाकडी करून बघत म्हणाला, "एवढ्याशा रबरानं?" मी म्हटलं, "एवढ्याशाच." नवा बुश आणायला बारामतीला गेले, तिथल्या दुकानदारानं विचारलं, मॅडम, मेकॅनिकनं कुठला सांगितलाय? मी म्हटलं, मेकॅनिक मीच आहे. डाव्या बाजूचाही घेतला. चासीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावून दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत दोन्ही बसवले. जुना बोल्ट निघता निघेना, दादाच्या दोन बोटांची सालं गेली, आणि किती दिवसांनी तो माझ्यासमोर खदाखदा हसला.

आज सकाळी ट्रायल. दादा म्हणाला, आधी एकटीनं गल्लीत फिरव. तेवढ्यात आई चप्पल घालून बाहेर आली आणि पुढच्या सीटवर बसली. "त्याच रस्त्यानं चल," म्हणाली. मी म्हटलं, "आई, आज नको." "आज न्हाय बसले तर परत बसायची न्हाय मी. चल." कालव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. आणि आला की समोरून उसाचा ट्रॅक्टर! मी पाय उचलला. आबा, जीप तसूभर वाकडी गेली नाही. सरळ, आखल्यासारखी सरळ. पुन्हा दाबला, सरळ. मी वेड्यासारखी दाबत होते, सोडत होते, आणि मोठमोठ्यानं हसत होते. आई म्हणाली, "बघ, मी समोरचा दांडा धरला न्हाय." मी बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. कळसपर्यंत गेलो, चहा प्यायलो, परत आलो. दादानं आमचे चेहरे बघितले आणि भंगारवाल्याला फोन लावला, "येऊ नका, गाडी घरीच ऱ्हाणार."

फोन ठेवून त्यानं मला विचारलं, "दोन गॅरेजवाल्यांस्नी न्हाय समजलं, तुला कसं गं समजलं?" तो आणि आई दोघंही माझ्याकडं बघत होते, इतक्या कौतुकानं माझ्याकडं घरात कुणी कधी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "फिजिक्स आहे, दादा." तुमचं नाव मी घेतलं नाही, आबा. घ्यायला हवं होतं, जिभेवर आलंही होतं. पण तेवढा वेळ ते सगळं मला एकटीला हवं होतं. उद्या-परवा सांगेन त्यांना. हे पत्र कुठं पाठवता येत नाही, याचं आज जरा बरंच वाटतंय.