फळीवरचं बक्कल

सेज क्रीक, वायोमिंग
३ जून १९७७

चि. हार्लन यास,
विल्डाताईचे आशीर्वाद. वि. वि.

काल पेंडेच्या दुकानात रेडिओवर तुझं नवं गाणं लागलं. मला खूश करायला दुकानदाराने आवाज वाढवला. गाण्यात तू उधळणाऱ्या सिंडर घोडीवर बसतोस, नेमाचे आठ सेकंद टिकतोस, उतरून टोपी झटकतोस आणि पोरी रडतात. पुढच्या कडव्यात शेकोटीवर कॉफी उकळतोस. हार्लन, तुला जन्मात कॉफी उकळता आली नाही. गाई विण्याच्या दिवसांत तुला दरवर्षी नेमकी सर्दी व्हायची. आणि एकावन्न सालच्या त्या रोडिओच्या शर्यतीत तू घोडीवर नव्हतासच, तिला मैदानात सोडायचं फाटक ओढायला उभा होतास.

घोडीवर एमेटदादा होता. आठ सेकंद बसला, पहिला आला, आणि उतरताना रिकिबीत पाय अडकून घोडीने त्याला मैदानभर फरफटवलं. तो पाय अजून वाकत नाही. जिंकलेलं बक्कल त्याने एकदाही पट्ट्याला लावलं नाही. आठवण नकोशी वाटत असेल. मीच ते चुलीवरच्या फळीवर ठेवलंय आणि दर रविवारी घासते. आपल्याकडे ज्याने जिंकलं त्यानेच बक्कल लावायचं, हे तुला शिकवायला नको. तरी रेकॉर्डच्या पाकिटावर तुझ्या पोटावर ताटाएवढं बक्कल आहेच. कुठल्या दुकानात मिळालं ते कळव.

काल ओरिन स्टब्जही येऊन गेला, घोड्यांना नाल ठोकायला. त्या दिवशी दादाच्या मागे दुसरा आलेला तो. त्याच साली त्याने मला लग्नाचं विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं की आमच्या घरात दुसरा नंबर चालत नाही. अजूनही मी त्याला दुसरा नंबर म्हणूनच हाक मारते. तो मान खाली घालून खूर तासत राहतो. पण तो निदान दुसरा तरी आला होता. तू कितवा आलास?

चार जुलैला इथल्या रोडिओत तू गाणार म्हणे. गाण्याआधी सगळ्यांसमोर दादाचं नाव घे आणि घोडीवर तो होता असं सांग. नाहीतर मी बक्कल हातात धरून उभी राहीन आणि मीच सांगेन. लोभ ठेवायचा की नाही ते त्यानंतर ठरवू.

तुझी,
विल्डाताई


डेन्व्हर
१३ जून १९७७

ती. विल्डाताईस,
हार्लनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट फोडतानाच बोटं भाजली. कॉफीचं कबूल, सर्दीचं निम्मं कबूल. बक्कल रेकॉर्ड काढणाऱ्यांचं होतं, फोटो झाल्याबरोबर त्यांनी काढून घेतलं. सिंडर मळक्या पिवळ्या रंगाची होती आणि मी ती रात्रीसारखी काळी केली, हेही तुझ्या ध्यानात आलंच असेल. इथे हॉलमध्ये येणाऱ्या लोकांनी गाय फक्त ताटात पाहिलेली असते. त्यांना मळकी घोडी चालत नाही, काय करू?

पण ताई, दादाचं नाव मी घेणार नाही. का ते मला विचारू नकोस. आणि पाया पडतो, ते बक्कल मैदानात आणू नकोस. मला लोकांनी टमाटे मारले तरी मी सोसेन, पण दादा त्या दिवशी तिथे बाकावर बसलेला असणार. आजवर तुझं एकही ऐकलं नाही मी, मान्य. तू माझं हे एक ऐक. विचारायचंच असेल तर त्याला विचार.

लहान भावावरचा राग कमी कर, लोभ आपोआप वाढेल.

तुझा,
हार्लन


सेज क्रीक
१८ जून १९७७

चि. हार्लन यास, आशीर्वाद.

दादाला काय विचारू? तो गुरं घेऊन वरच्या कुरणात गेलाय, तीन तारखेला उतरेल. चालता येत नाही, पण खोगिरावर बसला की अजून तुझ्यासारखे दहा विकून खाईल. विचारलं तर तो नकोच म्हणणार. गेल्या सव्वीस वर्षांत त्याने स्वतःसाठी काय मागितलंय? म्हणून तर त्याची कीर्ती तुला आयती सापडली. भावाचा मोडका पाय गिटारीवर वाजवून खातोस आणि वर मलाच सांगतोस की त्याचा विचार कर. शरम शिल्लक असेल तर थोडी इकडे पाठव, इथल्या कुत्र्यांनाही पुरेल.

रोडिओच्या मंडळींकडून मी माइकवर दोन मिनिटं मागून घेतली आहेत. तुझ्या गाण्यानंतर लगेच. तयारीत ये.

विल्डाताई


वरचं कुरण
२६ जून १९७७

चि. विल्डा हिस, एमेटचे आशीर्वाद.

गुरं ठीक आहेत. एक कालवड लंगडते. हार्लनचं पत्र आलं, तू काय करणार आहेस ते कळलं. मीठ घेऊन आलेला गडी उद्या खाली जातोय, त्याच्याबरोबर हे पाठवतो. मला लिहायची सवय नाही.

फाटक उघडल्यावर घोडी पहिली उडी मारते, तेव्हा बसणाऱ्याच्या दोन्ही टाचा तिच्या खांद्यांच्या वर असाव्या लागतात. नसल्या तर फेरी बाद, मग पुढे कितीही चांगलं बसा. माझी उजवी टाच घसरली होती. त्या बाजूच्या पंचाच्या डोळ्यांत धूळ गेली, त्याला दिसलं नाही. फाटक ओढणाऱ्या हार्लनला दिसलं. मी उतरून सांगणारच होतो. पण पाय अडकला. शुद्धीवर आलो तेव्हा बक्कल उशाशी होतं आणि तू ते लोकांना दाखवत होतीस. मग जमलं नाही.

हार्लनने गाणं आधी माझ्याच नावाने केलं होतं. मी म्हटलं, माझं नाव काढ. मग घोडीवर कोणीतरी बसायला हवं, म्हणून तो बसला. त्याला फार बोलू नकोस.

बक्कल ओरिनचं आहे. त्याला नेऊन द्यायचं धाडस मला कधी झालं नाही. तुझ्यात असेल तर बघ.

लोभ राहिला तर बरं वाटेल.

एमेट


सेज क्रीक
१० जुलै १९७७

चि. हार्लन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार तारखेला मी माइकपाशी आले तेव्हा तुझा चेहरा चुना लावल्यासारखा झाला होता. मी एवढंच म्हटलं की घोडी काळी नव्हती, मळकी पिवळी होती, आणि गाण्यातलं बाकी सगळंही इतपतच खरं धरा. लोक हसले. दादा टोपीआड हसला. तू लगेच गाडीत बसून निघून गेलास, म्हणून पुढचं लिहिते.

बुधवारी बक्कल घेऊन ओरिनकडे गेले. त्याची बायको लेनोरा भट्टीत ॲपल-पाय भाजत होती, तिच्यासमोरच सगळं सांगितलं. ओरिन म्हणाला की त्याला ठाऊक होतं. त्याची पाळी पुढची होती, तो फाटकाच्या कुंपणावर बसून बघत होता. मग तेव्हाच तक्रार का केली नाही, असं मी विचारलं. तर म्हणाला, माणूस धुळीत पडलेला असताना टाचेची चौकशी कोण करतं. मग सव्वीस वर्षं मला दुसरा नंबर का म्हणू दिलंस, असंही विचारलं. तो म्हणाला की एका रविवारी नाल ठोकायला आला असताना त्याने मला खिडकीतून ते बक्कल घासताना पाहिलं होतं. लेनोराने बक्कल पदराला पुसावं तसं एप्रनला पुसलं, चमच्यांच्या खणात ठेवलं आणि मला ॲपल-पायचा तुकडा दिला. तो मी खाल्ला. काय करणार?

आयुष्यभर मी तुला लबाड म्हणत आले. तुझ्या गाण्याने निदान कोणाचा अपमान तरी झाला नाही. ओरिनसमोर बसून मला जन्मात पहिल्यांदा स्वतःचीच किळस आली.

आज रविवार. सवयीने फडकं ओलं करून फळीपाशी गेले आणि तशीच उभी राहिले. महिनाअखेरीस ओरिन नाल ठोकायला येईल. अंगणात गाडी थांबली की मी दारातूनच हाक मारत असते. यावेळी काय म्हणून हाक मारायची, ते मला अजून सुचलेलं नाही.

गाणं मात्र तुझं भिकारच आहे, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. आता लोभ मीच मागते. ठेवशील तर ठेव.

तुझी,
विल्डाताई