घंटी न देता हलणारी गाडी

वारूळवाडी,
मंगळवार, १२ मे २००९

श्री. चांगदेवराव, निवृत्त वाहक, मुक्काम पिंपरी पेंढार, यांस सयाजी चालकाचा घरातल्या सर्वांसह नमस्कार. आपला खोकला कमी झाला असेल, सूनबाई चहात साखर घालू देत नसतील आणि आपण ती चोरून घालत असाल, असे धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे. (एवढं ‘आपण’ बास झालं. बावीस वर्षं एका एस.टी.वर ड्यूटी केलेल्या माणसाला आपण म्हणायचं म्हणजे जीभ अडखळते. आता पुढं ‘तू’.)

तर चांगदेवा, पत्र लिहायचं कारण असं की तुझ्या गावात माझ्याविषयी एक बातमी पोचलेली असणार. सयाजी ड्रायव्हरनं मांडवातला नवरदेव पळवला, अशी. नवरी तुझ्याच गावची, त्यामुळे वऱ्हाडानं परत जाताना वाटेत दुसरं काही बोललं नसेल. फोन करणार होतो, पण तू फोन बॅटरी वाचावी म्हणून बंद करून पेटीत ठेवतोस. म्हणून खरी हकीकत सविस्तर लिहितो. येत्या रविवारी अमृत पुण्याहून येणार आहे आणि माझ्या हातातून गाडीची चावी काढून घेणार आहे, असं घरात ठरलेलं आहे. एकतीस वर्षं सरकारनं जी माझ्या हातात ठेवली, ती पोटचा पोरगा काढून घेणार. तेव्हा हे पत्र नीट वाच, चष्मा लावून वाच.

गाडी अमृतनं पाडव्याला आणून दारात लावली. पांढरी, उंच, सात माणसांची. (कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर तू म्हणशील सयाजी जाहिराती करायला लागला.) माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी क्लच दाबून दाबून झिजली हे तुला ठाऊक आहे. मंचरच्या डॉक्टरनं मला क्लच बंद सांगितला, जशी दुसऱ्यांना तंबाखू बंद सांगतात तशी. म्हणून पोरानं बापासाठी बिनक्लचची गाडी घेतली. तिचे गिअर आपले आपण पडतात. दांडा आहे, पण तो नुसता सांगायला. पुढं जायचं, मागं जायचं की उभं राहायचं एवढं सांगितलं की पुढचं सगळं ती बघते. पहिल्या दिवशी पायाशी दोनच पेडल दिसली, तेव्हा तिसरं खाली पडलं असेल म्हणून मी सीटखाली हात घालून पाहिला. अमृत हसला. मीही हसलो, पण मनात म्हटलं, बघून ठेवलेलं बरं.

आता अनुभव सांगतो. गाडी झकास आहे, खोटं बोलणार नाही. अवसरीच्या घाटात चढ लागला की मी मनात ‘आता खालचा टाकावा’ म्हणेपर्यंत तिनं टाकलेला असतो. आवाज नाही, हिसका नाही. कौतुक वाटलं आणि रागही आला. ज्या गिअरपायी आपण उमेदवारीत वस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, तो ही कुणाच्याही शिव्या न खाता टाकते. अडचण एकच, माझा डावा पाय. त्याला अजून कळलेलं नाही की त्याचं काम गेलं. वळण दिसलं की तो उठतो आणि सापडेल ते पेडल जीव खाऊन दाबतो. ते ब्रेकचं असतं. असं दोनदा झाल्यावर आमच्या मंडळींचा पानाचा डबा पुढच्या काचेवर आपटला आणि चुना माझ्या टोपीवर आला. तेव्हापासून मी डावा पाय दुमडून सीटवरच घेतो, जेवायला बसल्यासारखा. दिसायला बरं दिसत नाही, पण काच शाबूत राहते.

दुसरी सवय थांब्याची. कळंबच्या थांब्याशी मी गाडी नकळत डावीकडं घेतो आणि अर्धं मिनिट उभा राहतो. एकदा तिथं बयाबाई म्हणून एक म्हातारी दार उघडून पाटीसकट आत येऊन बसली आणि म्हणाली, “मंचरला जाती नव्हं? लई येळ लावलात राव.” मी म्हटलं, जाते. काय खोटं होतं त्यात? जातच होती. उतरताना म्हातारीनं अर्धं तिकीट मागितलं.

पण खरा घोळ पुढंच आहे. या गाडीची एक खोड अशी की ब्रेकवरचा पाय काढला की ती चालू पडते. ॲक्सिलेटरला पाय लावायचा नाही, काही नाही, आपली माणसाच्या चालीनं पुढं निघते. चांगदेवा, तुला म्हणून सांगतो, पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षांत घंटी पडल्याशिवाय मी चाकाचा एक फेरा होऊ दिला नाही. तू दोरी दोनदा ओढायचास, टण टण, मग सयाजी निघायचा. तू एकदा ओढायचास, मग सयाजी थांबायचा. मध्ये वरिष्ठ जरी आडवा आला तरी मी तुझ्या घंटीची वाट पाहिली आहे. आणि ही बया कुणाला न विचारता निघते! मागं माणूस चढलं का, दार लागलं का, कुणाचा पदर अडकला का, तिला काही देणंघेणं नाही. मला रात्री झोप लागेना.

शेवटी मी उपाय काढला. देवघरातली पितळेची घंटी साळूच्या (म्हणजे आमच्या मंडळींच्या) हातात दिली आणि तिला मागच्या सीटवर बसवलं. दोनदा वाजली की मी ब्रेक सोडणार, एकदा वाजली की दाबणार. तेव्हापासून देवाची पूजा ती टाळीवर भागवते. सुरुवातीला ती कुरकुरली (“आवो, पुढं काच हाय, तुमाला डोळं हायती, घंटी कशाला?”), पण नंतर तिचा हात बसला. तुझ्याइतका नाही, तरी चांगला. महिनाभर आम्ही दोघं नारायणगाव, मंचर, जुन्नर असं फिरलो. गाडीला ओरखडा नाही.

आणि मग गोरखचं लग्न आलं. गोरख म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. गेल्या शुक्रवारी दुपारी बारा एकतीसचा मुहूर्त. (तू खोकल्यामुळे आला नाहीस. आला असतास तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.) नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायला सगळ्यांनी माझीच गाडी मागितली, आणि खरं सांगतो, मिरवणुकीला या गाडीसारखी गाडी नाही. पुढं बँड, मागं बायका, मध्ये आम्ही. पाय ब्रेकवरून काढला की गाडी वाजंत्र्यांच्या मागं नाचऱ्या माणसाच्या वेगानं जाते. क्लचची गाडी असती तर अर्ध्या वाटेत जळका वास सुटला असता. लोक म्हणायला लागले, “सयाजी तात्या, काय गाडी हाय राव!” माझी छाती फुगली. ती फुगली नसती तर बरं झालं असतं.

साळू मागं नवरदेवाशेजारी घंटी घेऊन बसली होती. देऊळ शंभर पावलांवर आलं आणि बायकांनी तिला नाचायला खाली ओढलं. नवरदेवाची चुलती ती, नाही कशी म्हणणार? ती उतरली आणि फुगडीसारख्या गिरक्या घेत नाचायला लागली. घंटी हातातच! आता तू सांग, मी पुढं बघून गाडी चालवतोय, मागून घंटीचा आवाज येतोय, टण टण, टण टण, टण टण. मी कान देऊन ऐकलं. जोडीनंच वाजत होती, एकटी एकदाही नाही. वाहक म्हणतो चला, तर चालक काय करणार?

मारुती डाव्या हाताला आला आणि गेला, हे मला दिसलं. मी आंधळा नाही. पण थांबा आला म्हणून चालक थांबत नाही, वाहकानं सांगितलं म्हणून थांबतो. हे तुला तरी समजावून सांगायला नको. मागून गोरखनं माझा खांदा धरला, “काका, द्येऊळ मागं ऱ्हायलं! थांबवा की!” मी म्हटलं, “चालकाशी बोलू नये.” बँडवाल्यांना थांबायचं होतं, पण गाडी त्यांच्या टाचांना लागली होती, म्हणून ते वाजवत वाजवत पुढं पळायला लागले. गाडी माणसाच्या चालीनं चालते म्हटलं, तरी पोटाशी ढोल बांधलेल्या माणसाला ती चाल फार होते. तिकडं मागं साळूला धाप लागली आणि घंटी बंद पडली. थांबायची घंटी काही आली नाही. नवरीकडच्या मंडळींना लांबून एवढंच दिसलं की नवरदेव देवळासमोरून देवाला न भेटता मळ्याच्या रस्त्यानं चाललाय. नवरीच्या मामानं “पोरगं पळालं!” अशी आरोळी ठोकली आणि निम्मं वऱ्हाड फेटे सावरत आमच्या मागं धावलं.

शेवटी कोंडाबाईच्या गोठ्याशी रस्ता संपला. तिथं कडब्याची गंज होती. बँडवाले बाजूला उड्या मारून गेले आणि गाडीनं गंजीत तोंड घातलं, म्हशीनं घालावं तसं. गंज टपावर आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त पिपाणीवाल्याच्या पिपाणीत कडबा गेला. अक्षता पडायला सव्वा वाजला. शनिवारी सबंध दिवस मी एकट्यानं कोंडाबाईची गंज परत रचून दिली आणि हात जोडले. कडब्याला लागलेल्या धक्क्याची अपघात म्हणून नोंद होत नाही, हे तुझ्यासारख्या जाणकारानं कुणालाही सांगावं. माझा विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून भिंतीवर आहे.

पण घरात कोण ऐकतंय. शुक्रवारी संध्याकाळीच साळूनं अमृतला फोन लावला आणि मला येऊन सांगितलं, “आयतवारी येतोय त्यो चावी न्यायला. तवर तुमी गाडीला हात लावायचा न्हाई.” चावी तिनं कमरेला खोचली आहे. चांगदेवा, मला फार वाईट वाटलं. खाकी उतरवली त्या दिवशी वाटलं नव्हतं एवढं वाईट वाटलं. त्या दिवशी निदान हार घातला होता, तू रडला होतास. आता नुसताच ओट्यावर बसून हायवेवरच्या गाड्यांचे आवाज ऐकतो आणि कुणी चुकीच्या वेळी गिअर टाकला की मनातल्या मनात शिव्या देतो. हातात स्टेअरिंग नसलं की आपण कोण हेच मला नीट सांगता येत नाही.

असो. सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना पापा. पत्र जपून ठेव.

तुझा,
सयाजी

ता. क. रविवारी सकाळी अमृत यायच्या आत तू इथं पाहिजेस. मागच्या सीटवर बस, त्याच्यासमोर आपण मंचरपर्यंत एक फेरी मारू. तू मागं असलास की मी चुकत नाही, हे पोराला एकदा डोळ्यांनी दिसू दे. खोकल्याचं औषध बरोबर आण.

ता. क. दुसरा. पेठेच्या थांब्यावर तू लघवीला उतरला होतास आणि मी तुला तिथंच सोडून मंचरला आलो, ती गोष्ट अमृतसमोर काढायची नाही. त्या दिवशी घंटी कुणीतरी प्रवाशानंच मारली होती, असं मी आजही म्हणतो.

ता. क. तिसरा, साळुबाईचा. भाऊजी, नमस्कार. यांनी पाकीट टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. चवथी शिकले आहे, अक्षर सांभाळून घ्या. अमृत चावी न्यायला येत न्हाई. ते मी यांना खोटंच सांगितलं, नायतर दुसऱ्या दिशी पुन्हा गाडीत बसले असते. गाडी यांच्या गुडघ्यासाठी घेतली हे पण यांनाच वाटतं. घेताना अमृतनं मला इचारलं व्हतं, आई, क्लच नसला तर शिकशील का? मी हो म्हणले. पाडव्याला पोरगं चार दिवस ऱ्हायलं, हे दुपारी झोपले की मला मळ्याच्या रस्त्यानं शिकवायचं. लायसन मागल्या आठवड्यात टपालानं आलं, पोस्टमनला आधीच सांगून ठेवलं व्हतं. लग्नात घंटी मी मुद्दाम न्हाई वाजवली, देवाशपथ.

शनिवारी हे गंज रचायला गेले तवा मी एकटी गाडी घेऊन पेठेला गेले. तिथं माझं माहेर. एकतीस वर्षं यांची एश्टी माझ्या माहेरच्या दारावरनं गेली, रोज जाऊन येऊन दोनदा. मला त्यात वर्षातनं एकदा बसायला मिळायचं, ते बी सुट्टी बघून. माझी आई ठकूबाई ब्याऐंशी वर्षांची हाय. दारात उतरले तर म्हणाली, कुणी आणून सोडलं गं? कुणी न्हाई म्हणलं तर तिला खरंच वाटंना. गाडीत वाकून वाकून यांना शोधत व्हती. मग तिला शेजारी बसवून घाट फिरवून आणला. सारा घाट तिनं माझा हात सोडला न्हाई. ही गाडी एका हातानं चालती, भाऊजी.

रविवारी नक्की या. मी नऊ वाजता घ्यायला येते. यांना अजून काई सांगू नका, मी माझ्या तोंडानं सांगेन. हे आता झोपलेत. मी टपालपेटीसमोर गाडीतच बसून स्टेअरिंगवर कागद ठेवून लिहितेय, उठायच्या आत परत लावली पायजे.