एकाच मापाचे तीन फ्रॉक

मम्मी, तुझा तो पांढऱ्या ठिपक्यांचा निळा फ्रॉक आज तुझ्या नातीला बसला. तू तिला पाहिलं नाहीस. ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता ती पंधरा वर्षांची आहे. मार्चमध्ये, सिडनीत सगळं उघडं होतं तेव्हा, तिने माझ्या बॅगेतून तो शोधून काढला आणि घालून बघितला, तर पाठीचे हुक काही केल्या लागेनात. आम्ही दोघी खूप हसलो. तुझी आजी म्हणजे नुसती काडी होती, तिची बरोबरी करायला जाऊ नकोस, असं मी तिला म्हटलं. आता ऑगस्ट आहे. आज सगळे हुक लागले आणि शिवाय कमरेला दोन बोटं जागा उरली. ती आरशात स्वतःकडे वळून वळून बघत होती. मला हसता आलं नाही.

आम्ही टूनगॅबीला राहतो, आणि आमचा हा पश्चिमेकडचा भाग बाकीच्या शहरापेक्षा जास्तच घट्ट बंद करून ठेवलाय. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री नऊनंतर दाराबाहेर पडायचं नाही. रोज सकाळी अकराला टीव्हीवर कोरोनाचे आकडे सांगतात, आणि दुपारी पोलिसांचं हेलिकॉप्टर आमच्या छपरांवरून घिरट्या घालतं. पेंडल हिलच्या दुकानातून सुके बोंबील आणले तरी काहीतरी चोरून आणल्यासारखी मी मान खाली घालून घरात शिरते. नवरा बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसतो, मी डायनिंग टेबलवर, आणि मुलगी गराजमध्ये. गाडी तिने आम्हाला बाहेर लावायला लावली आणि तिथे एक मोठा आरसा टेकवला. दिवसभर तिथून एकच गाणं ऐकू येतं. संपतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले, कारण मला ते तुझंच वाटलं. तशाच चुटक्या, तोच सॅक्सोफोन, एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून हुंकार द्यायचा. गराजमध्ये जाऊन बघते तर फोनवर कोरियन मुली. केस फुगवून वर बांधलेले, कोपरापर्यंत हातमोजे, ठिपक्यांचे फ्रॉक, आणि माइकसमोर ओळीत उभं राहून तळहात पुढे, खांदा वर, अर्धी गिरकी. तू भाकरी थापताना तुझा खांदा नकळत तसाच उडायचा. मुलगी म्हणाली, हा रेट्रो कन्सेप्ट आहे, सिक्स्टीजच्या अमेरिकन गर्ल ग्रुप्सवरून घेतलाय. कोरियात लढाईनंतर काही मुली अमेरिकन सैनिकांच्या कॅम्पवर असं गायच्या म्हणे, इंग्रजीचा गंध नसताना, शब्द नुसते कानाने पाठ करून. मग मीही तिला तुमचं सांगितलं. तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी, तुम्ही तिघी रेडिओवर ऐकून इंग्रजी गाणी बसवायचात, अर्थ कुणालाच कळत नव्हता, आणि वसईच्या वाड्यांमधल्या लग्नांत बँडच्या पुढे उभ्या राहून गायचात. ती भलतीच खूश झाली. आता ती स्वतः कोरियन शब्द तसेच, न कळता, घोकते. तिच्या रक्तातच आहे म्हणून मी फुशारकीही मारली. तुमच्यातल्या तिसरीबद्दल मात्र मी काही बोलले नाही.

तिसरीची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. मी तेरा-चौदा वर्षांची असेन, नुकती तापातून उठले होते. शेजारची बाई स्वयंपाकघरात डोकावली आणि म्हणाली, पोर कशी छान बारीक झालीय. तू मासे साफ करत होतीस. तू वर न बघता तिला म्हणालीस, "माझ्या पोरीला असलं बोलायचं असेल तर माझ्या घरात पाय ठेवू नकोस." बाई तोंड पाडून निघून गेली. मला तुझी लाज वाटली. मग तू हात धुतलेस आणि सांगायला बसलीस. ओळीत तिघी एकसारख्या दिसल्या पाहिजेत म्हणून बँडमास्तरांनी तीन फ्रॉक एकाच मापाने शिवून घेतले होते, आणि माप घेतलं होतं तिसरीचं, कारण ती सगळ्यात बारीक. फ्रॉक आपल्याकडे येत नाही, आपण फ्रॉककडे जायचं, असं मास्तर म्हणायचे. तुम्ही दोघी रात्रीचं जेवण सोडून त्यात मावू लागलात. पण ती आणखी बारीक होत गेली. लग्नांत बायका तिची हनुवटी धरून कौतुक करायच्या. मास्तरांनी तिचा फ्रॉक शिंप्याकडून आणखी आवळून घेतला, आणि तिच्याबरोबर तुमचे दोघींचेही. तिला खोकला यायचा तो जागरणाचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. क्षयाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, ईस्टरच्या आधीच ती गेली. हे सांगून झाल्यावर तू माझ्या ताटात भात वाढलास, वर कालवण घातलंस, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिलीस.

म्हणजे हा फ्रॉक तुझ्या मापाचा नव्हताच, मम्मी. आज शेवटचा हुक लावताना मला ते आठवलं, आणि माझे हात गार पडले. तिचे तर हल्ली कायमच गार असतात. हीटरला चिकटून बसते, अंगात दोन-दोन हूडी. बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके निघतात. जेवायला हाक मारली की मघाशीच खाल्लं म्हणते, आणि फ्रिजमध्ये उकडलेलं रताळं अर्धं तसंच असतं. व्हिडिओ कॉलवर वसईची सगळी मंडळी तिला बघून म्हणतात, किती गोड दिसायला लागली, लॉकडाऊन मानवलाय हिला. नवऱ्याला माझी काळजी बोलून दाखवली तर तो म्हणाला, लोकांची पोरं दिवसभर लोळत असतात, ही निदान नाचतेय.

कोरियातल्या एका कंपनीची ऑनलाइन ऑडिशन होती. व्हिडिओ पाठवायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. अठराच्या आतल्या मुलांचा व्हिडिओ आईने किंवा वडिलांनीच पाठवायचा, एका दमात घेतलेला, मध्ये कुठेही न कापलेला. दुपारी गराजमध्ये मी फोन धरून उभी राहिले. ती चांगली नाचते गं. खोटं कशाला बोलू, मी तुला नाचताना कधी पाहिलं नाही, पण तू अशीच दिसत असशील असं वाटून मला भरून आलं. शेवटच्या गिरकीत ती एका बाजूला कलली. तिचे डोळे क्षणभर कुठेच बघत नव्हते. तिने भिंतीला हात टेकला, आणि या सगळ्यात तिचं हसू मात्र जरासुद्धा हललं नाही. मी फोन खाली घ्यायला लागले, तर ती ओठ न हलवता म्हणाली, "मम, डोन्ट स्टॉप. कीप फिल्मिंग."

मी थांबले नाही. गाणं पुरं झालं. तिने व्हिडिओ पाहिला आणि तिला हाच पाठवायचा होता, भिंतीला टेकलेला हात तिच्या मते मुद्दाम केल्यासारखा दिसत होता. आता ती सोफ्यावर फ्रॉकमध्येच झोपलीय, संध्याकाळचे दिवेही लागले नाहीत तोच, आणि मी अधूनमधून तिच्या नाकासमोर बोट धरून बघते.

तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे, म्हणून तर हे लिहिणं जड जातंय. उद्या बॉर्डर उघडली आणि मी वसईला आले, तरी तुझ्या कबरीपाशी उभी राहून हे वाचायची माझी छाती होणार नाही. हे लिहिलेलं इथेच राहील. डॉक्टरांना मी फोन केलाय, मम्मी. गुरुवारी ते फोनवरून तिच्याशी बोलतील, गरज वाटली तर बोलावून घेतील. पण तो फोन मी पाचनंतर केला. आधी व्हिडिओ पाठवला. तिला निवडावं असं मलाही वाटत होतं.