डाव्या पायाचं वय

४ जानेवारी, रविवार

स्कीज आल्या! म्हणजे दापोड्याच्या गोदामापर्यंत आल्या. ईराने मनालीहून तिच्या जुन्या पाठवल्यात. भावाची मुलगी शिकवणार आणि आत्या शिकणार — आमच्या घरात सगळं उलटंच. गोदामातल्या माणसाने पुडकं चाचपून विचारलं, "मॅडम, पंखे का पत्ता है क्या? इतना लंबा?" म्हटलं, बर्फावर घसरायच्या फळ्या आहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने सही घेतली.

धामणकर नाक्यापर्यंत शेअर रिक्षा. फळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर. रिक्षावाल्याने त्यांचं वेगळं सीट लावलं. बरोबरच आहे त्याचं.

आईने दार उघडलं. "हे काय, गुढ्या? पाडव्याला अवकाश आहे."

६ जानेवारी, मंगळवार

आल्यात त्या नुसत्या फळ्या. बूट फळीला धरून ठेवतं ते बाइंडिंग मलाच निवडायचंय. स्टाफरूममध्ये सांगितलं तर स्नेहा मॅडम लगेच म्हणाल्या, "आमच्या गल्लीत एक जण छान बाइंडिंग करतो. स्पायरलसुद्धा."

७ जानेवारी, बुधवार

आतापर्यंत भाड्याच्या फळ्यांवर शिकले — तारेवरच्या पाळण्यात बसून वर, घसरत खाली. या वेळी पाळणा नाही. आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि मग उतरायचा. म्हणून बाइंडिंग हलकं हवं. पुढच्या दोन पिना बूट चवड्याशी चिमटीत धरतात. चढताना टाच मोकळी. वर पोचलं की मागचा तुकडा फिरवून टाच अडकवायची. आणि पडलं तर त्याने बूट सोडून द्यायचा. नाहीतर फळी वळते, पाय वळत नाही, आणि गुडघा जातो.

सगळ्यात हलकं जे आहे ते एका कांद्याच्या वजनाचं. मी प्रेमातच पडले. ईरा फोनवर म्हणाली, "आत्या, ते शर्यतवाल्यांचं. त्यात सोडायचा जोर कमीजास्त करता येत नाही. स्क्रूवालं घे." स्क्रूवालं दोन कांद्यांचं.

आई शेजारी कांदेच चिरत होती. सगळं ऐकून तिचा एकच प्रश्न. "सोडतं का पण वेळेला?"

९ जानेवारी, शुक्रवार

दोन कांदे मागवले.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आईने तिळगूळ दिला. 'गोड बोला' म्हणाली आणि दिवसभर बोलली नाही.

काल तिला तारीख सांगितली ना, म्हणून. आमच्याकडे कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं, आणि आई आतून 'ये गं' म्हणते. कोथिंबीर आणायला निघाले तरी म्हणते. काल मी म्हटलं, "सात फेब्रुवारीला मनालीला जाऊन येते हं." ती भांडी पुसत राहिली. 'ये' आलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे आत्तापासूनच माझा मोडलेला पाय आहे, दुसरं काही नाही.

पन्नाशीला टेकलेली बाई मी, आईच्या एका अक्षरासाठी अडून बसलेय. पण ते अक्षर मिळालं नाही तर माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. राग येतो. तिचाही, माझाही.

१८ जानेवारी, रविवार

बाइंडिंग आलं. छिद्रं कुठे पाडायची त्याचा नमुना कागदावर छापून फळीवर चिकटवायचा असतो. झेरॉक्सवाल्याने तो प्रेमाने 'पानात बसवून' दिला — म्हणजे आक्रसवून! पट्टी लावून पाहिली म्हणून कळलं. त्याप्रमाणे छिद्रं पाडली असती तर बाइंडिंग दुसऱ्या कुणाच्या तरी बुटाला बसलं असतं. गणिताची बाई उगाच नाही. परत गेले, परत छापला.

२५ जानेवारी, रविवार

छिद्रं झाली! वरच्या मजल्यावरच्या रामनाथकाकांकडे ड्रिल आहे. अख्ख्या बिल्डिंगच्या भिंती त्यांनीच पोखरल्यात. फळी पाहून त्यांचे हात शिवशिवायला लागले. "आरपार मारू?"

"काका, नऊ मिलिमीटर. त्याखाली बर्फ असतो."

पात्याला नऊ मिलिमीटरवर लाल टेप गुंडाळली. आईने न बोलता येऊन दोन्ही फळ्यांना कुंकवाचं बोट लावलं, तेव्हा कुठे पहिलं छिद्र पडलं. पुढे काका प्रत्येक छिद्राशी "थांबलो, थांबलो" असं मलाच बजावत होते. मग गोंद, मग स्क्रू. गेल्या वर्षी घेतलेला बूट ठेवला, दाबला — खट! काय सुरेख आवाज आहे. उगाचच पुन्हा पुन्हा ऐकला.

आई दाराआडून म्हणाली, "धरतं खरं. सोडतं का?"

३१ जानेवारी, शनिवार

आज सोडायचा जोर लावला. त्याचा तक्ता असतो. वजन, उंची, बुटाची लांबी, वय. ईराने बजावलं होतं, "आत्या, वजन खरं लिही. स्थळाला सांगतात तसलं नको." लिहिलं बाई खरं.

वय एकोणपन्नास. जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच. नाव घालताना गुरुजी सरसकट तीच तारीख टाकत. माझा आकडा आला सहा. पन्नास आणि त्यापुढच्यांना एक घर कमी, पाच. हाडं जुनी झालेली, लवकर सोडलेलं बरं. म्हणजे मी जेमतेम वाचले. दोन्ही पायांना सहा लावलं आणि आईचा जीव भांड्यात पडावा म्हणून तक्ता तिला वाचून दाखवला.

"वय चुकलं तर?" आईने विचारलं.

"तर जोर जास्त बसतो. पाय अडकून राहतो, उशिरा सुटतो."

आई उठून आत गेली. जेवलीही नाही नीट.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहाचा कप ठेवत म्हणाली, "पाच कर."

"का?"

"पन्नासची आहेस तू. कोजागरीला झालीस."

मग सगळं सांगितलं तिने. नाव घालताना बाबांनीच साल एकाने पुढे ढकललं होतं. पुढेमागे सरकारी नोकरी लागली तर तेवढीच जास्त मिळेल म्हणून. आणि आईला ताकीद, पोरीला कळता कामा नये, कुठेतरी बोलून बसेल. बाबा गेले. ताकीद राहिली.

"आणि दर कोजागरीला मला ओवाळायचीस ते?" थोरल्या मुलाला कोजागरीला ओवाळतात, आमच्याकडे काय, सगळीकडेच. मी दर वर्षी निमूट पाटावर बसत आले.

"थोरली आहेसच की. एका निरांजनात दोन्ही व्हायचं. या वेळी दूध दोनदा दिलं, आठवतं? पन्नाशी होती तुझी."

आठवतं. मी एका हाताने दूध पीत दुसऱ्या हाताने पेपर तपासत होते. पन्नाशी येऊन गेली आणि मला पत्ता नाही! आधी हसले, मग रडायला आलं, मग दोन्ही एकदमच. तशीच स्क्रू फिरवायला बसले. इतकी वर्षं गप्प राहिलीस, मग आजच का सांगितलंस, असं विचारलं.

आई म्हणाली, "तुझ्या बाबांना या स्क्रूचं ठाऊक नव्हतं."

इतकं सांगितलं. 'ये' मात्र अजून नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

रामनाथकाका जिन्यात भेटले. "दुपारचं धुणं कोण धुतं तुमच्याकडे? धोपाटण्याचा आवाज येतो." आमच्याकडे मशीन आहे, काका. कान गेले त्यांचे. पन्नाशीनंतर होतं असं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धी शाळा. घरी आले तर आई हॉलमध्ये फतकल मारून बसलेली. पुढ्यात फळी, फळीवर माझा बूट अडकवलेला, हातात माळ्यावरचं जुनं धोपाटणं. घामाघूम. मला पाहून तिने काही लपवलं नाही.

"उजवा एका फटक्यात सुटतो. डाव्याला तीन लागतात. रोज बघतेय."

वाकून पाहिलं. डाव्याचा आकडा अजून सहावर! त्या दिवशीच्या रडण्याहसण्यात मी एकच पाय पन्नाशीचा केला होता. डावा एकोणपन्नासच राहिला.

स्क्रू फिरवला. पाच. आईने बूट पुन्हा दाबून बसवला, धोपाटणं उचललं आणि एकच ठेवून दिला.

खट.

सुटलेला बूट तिने मांडीवर घेतला. पदराने पुसला.

"ये गं," म्हणाली.